सोनारानेच कान टोचावेत, पण सोनार ठरवायचा कुणी?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिखित मजकूर. बोलले तेच आहे, फक्त मधले चहाचे घोट आणि माझं अडखळणं काढून टाकलंय.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. मी फॉर्म घेतला, रांगेत बसले, एकेका प्रश्नावर खूण करत गेले. मग एक प्रश्न आला: गेल्या वर्षभरात टॅटू काढलाय का? कान-नाक टोचून घेतलंय का? मी 'हो' लिहिलं. चारच महिन्यांपूर्वी मनगटावर तुळशीवृंदावन काढून घेतलं होतं, आजीच्या हातावर होतं अगदी तस्संच.

डॉक्टरबाईंनी फॉर्म बघितला आणि म्हणाल्या, "मग आत्ता नको. वर्ष होऊ दे." मी म्हटलं, "पण मॅडम, चांगल्या दुकानात काढलाय." त्या हसल्या. "चांगल्या म्हणजे? सुई नवीन होती? तुझ्यासमोर पाकीट फोडलं?"

मला आठवेना. खरं सांगायचं तर मी बघितलंच नव्हतं. भाव विचारला होता, किती दुखेल ते विचारलं होतं, फोटो इन्स्टावर टाकणार का तेही विचारलं होतं. सुईबद्दल एक शब्द नाही.

घरी येताना डोक्यात एकच प्रश्न. गाडी चालवायला परीक्षा आहे, औषधं विकायला फार्मासिस्ट लागतो. आणि माझ्या कातडीत मिनिटाला हजारो वेळा सुई खुपसणाऱ्या माणसाची परीक्षा कोण घेतं? आपल्याकडे उत्तर सोपं आहे: कुणीच नाही. दुकानाची नोंदणी करावी लागते, पण सुई धरणाऱ्याला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. मग ज्या देशांत परीक्षा आहे तिथे ती कशी आली? तिच्यात विचारतात काय? ती शोधाशोध म्हणजे आजचा एपिसोड.

ओळखीचं लायसन्स

आपल्या भाषेत या विषयावरची म्हण आधीपासून आहे. सोनारानेच कान टोचावेत. आपण ती वापरतो दुसऱ्याच अर्थाने, म्हणजे ज्याचा अधिकार आहे त्यानेच चार गोष्टी सुनवाव्यात. पण मूळ अर्थ बघा ना. कान टोचणं हे नाजूक काम, ते ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्यावं. लायसन्स या कल्पनेचं मराठी भाषांतरच आहे हे!

गावातल्या सोनाराकडे सर्टिफिकेट नव्हतं. पण त्याने तुमच्या आईचे कान टोचले होते, मावशीचे टोचले होते, आणि उद्या बाळाचा कान पिकला तर तो त्याच गल्लीत सापडणार होता. गोंदणाऱ्या बायांचं थोडंफार तसंच. त्या गावोगाव फिरायच्या, जत्रेत बसायच्या, काजळीचा रंग आणि दोन-चार सुया एकत्र बांधून हातावर, कपाळावर, हनुवटीवर गोंदायच्या. आजी सांगायची, गोंदणारी आली की आळीतल्या सगळ्या पोरी ओळीने बसायच्या. गोंदण म्हणजे मेल्यावरही सोबत येणारा एकच दागिना, असं ती म्हणायची.

त्या ओळीबद्दल मी आता विचार करते तेव्हा जरा पोटात गोळा येतो. ओळीतल्या पहिल्या पोरीची सुई आणि शेवटच्या पोरीची सुई एकच असणार. म्हणजे ओळखीच्या लायसन्सला एक मोठं भोक होतं. हात सफाईदार आहे की नाही हे गावाला कळत होतं. रक्तातून काय पसरतंय हे कुणालाच दिसत नव्हतं, सोनारालाही नाही. आणि जेव्हा टॅटू गावातून शहरात गेला, काढणारा अनोळखी आणि काढून घेणाराही अनोळखी झाला, तेव्हा ओळखीचं लायसन्सही संपलं.

हे ठळकपणे जिथे घडलं, तिथे जाऊया. न्यूयॉर्क.

एक मशीन, एक बादली

एडिसनने १८७६ मध्ये एक विजेचं पेन पेटंट केलं होतं. कागदावर बारीक भोकं पाडून स्टेन्सिल तयार करायचं आणि मग त्यावरून प्रती काढायच्या, असा त्याचा उपयोग. सॅम्युअल ओ'रायली नावाच्या न्यूयॉर्कच्या टॅटूवाल्याला त्यात वेगळंच दिसलं. कागदाऐवजी कातडी. १८९१ मध्ये त्याने विजेच्या टॅटू मशीनचं पेटंट घेतलं.

त्याआधी टॅटू हाताने काढायचे, एकेक टोचा देत. मशीन आल्यावर तासांचं काम मिनिटांवर आलं. मॅनहॅटनमधल्या बॉवरी आणि चॅथम स्क्वेअर भागात, आणि समुद्रकिनाऱ्यावर कोनी आयलंडला टॅटूची दुकानं दिसू लागली. गिऱ्हाईक कोण? खलाशी, सैनिक, गोदी कामगार, सुट्टीला आलेली पोरं. रांगा लागायच्या. भिंतीवर डिझाईन लावलेली, बोट दाखवा, हात पुढे करा, पुढचा.

आता जरा दुकानाच्या आत बघा. रक्त आणि शाई पुसायला स्पंज, आणि तो बुडवायला पाण्याची बादली. बऱ्याच दुकानांत हे दोन्ही सगळ्यांना मिळून एकच असायचं. सुयाही गिऱ्हाइकागणिक बदलतील याची खात्री नाही. हे सगळे टॅटूवाले बेफिकीर होते असं मी म्हणत नाही. धंदा उस्तादाकडून शिकायचा असायचा, आणि उस्तादाने रेष शिकवली, मशीन जुळवायला शिकवलं. जंतूंचं शास्त्र उस्तादालाच माहीत नव्हतं.

आणि जो आजार यातून पसरत होता, तो चोरपावलांनी येणारा होता. त्या काळी डॉक्टर त्याला 'सीरम हिपॅटायटिस' म्हणायचे, रक्तातून पसरणारी कावीळ. आज आपण तिला हिपॅटायटिस बी म्हणतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दीड ते सहा महिने लागू शकतात. म्हणजे खलाशाने आज न्यूयॉर्कला टॅटू काढला, तर डोळे पिवळे होतील तेव्हा तो कुठल्यातरी दुसऱ्याच बंदरात असणार. टॅटूवाल्याला कधी कळणारच नाही की आपल्या सुईने काय केलं. वर आणखी एक गोष्ट. काही लोकांच्या अंगात हा विषाणू वर्षानुवर्षं राहतो आणि त्यांना काहीच होत नाही. असा ठणठणीत दिसणारा माणूस खुर्चीत बसला, तर त्याच्यानंतर बसणाऱ्याची खैर नाही.

बंदी: प्रश्न विचारायचाच नाही

१९६१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने ठरवलं, बस्स झालं. कोनी आयलंडच्या दुकानांशी कावीळीचे रुग्ण जोडले गेले होते. खात्याने टॅटू काढण्यावरच बंदी घातली. सूट फक्त डॉक्टरांना, तीही वैद्यकीय कारण असेल तर.

आज ऐकताना हे टोकाचं वाटतं. पण मी त्या अधिकाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं. १९६१ मध्ये त्या विषाणूची ओळखच पटली नव्हती. बरुक ब्लमबर्ग या शास्त्रज्ञाला त्याचा धागा सापडला १९६० च्या दशकाच्या मध्यात, आणि त्यासाठी नोबेल मिळालं १९७६ मध्ये. लस तर ऐंशीच्या दशकात आली. म्हणजे खात्याकडे रक्ततपासणी नाही, लस नाही, कोण वाहक आहे ते कळायचा मार्ग नाही. अशा वेळी 'बंद करा' म्हणणं मला समजतं.

पण टॅटूवाल्यांचं म्हणणंही साधं होतं. बंदी कशाला? नियम करा, तपासणी करा, आम्ही पाळू. कोनी आयलंडचा एक टॅटूवाला, फ्रेड ग्रॉसमन, लोक त्याला कोनी आयलंड फ्रेडी म्हणायचे, तो थेट कोर्टात गेला. आरोग्य खात्याची भूमिका अशी की नियम घालून हे आवरणार नाही. खटला वरपर्यंत गेला आणि १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. त्याआधीच्या अपिलात न्यायाधीशांनी जे लिहिलं ते बोलकं आहे: टॅटू म्हणजे रानटी काळातून उरलेली गोष्ट, आणि ती विकृत मनाच्या लोकांशी जोडलेली असते, अशा अर्थाचं. म्हणजे कावीळ होतीच, पण कावीळीच्या मागे नाक मुरडणंही होतं. १९६४ चं जागतिक प्रदर्शन येतंय म्हणून शहराला चकाचक दिसायचंय, असंही टॅटूवाले म्हणत.

मग टॅटू बंद झाले का? छे. टॅटूवाले घरात गेले. काही शहर सोडून शेजारच्या गावांत गेले, पण बरेच जण मॅनहॅटनमध्येच राहिले. पाटी नाही, फोन नंबर तोंडोतोंडी, दारावरची ठोक ओळखीची. १९७६ मध्ये स्पायडर वेब नावाने प्रसिद्ध असलेल्या टॅटूवाल्याने आधुनिक कलेच्या मोठ्या संग्रहालयासमोर, भर रस्त्यात, टॅटू काढला. मुद्दाम, आपल्यावर केस व्हावी म्हणून. केस झाली. टॅटू ही कला आहे, अभिव्यक्ती आहे, असं त्याचं म्हणणं. १९७८ मध्ये तोही हरला.

मला या सगळ्यात बोचते ती वेगळीच गोष्ट. बंदीच्या त्या छत्तीस वर्षांत शहरात टॅटू निघत राहिले, पण त्या खोल्यांत सुई उकळली जाते का, हे विचारायला एकही सरकारी माणूस जाऊ शकत नव्हता. कायद्याच्या लेखी ती खोली अस्तित्वातच नव्हती. ज्या गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी बंदी आली, त्याचा हात पुन्हा ओळखीवर, भरवशावर आला. आजीच्या त्या ओळीत.

पेपरात काय विचारतात

ऐंशीच्या दशकात एड्स आला आणि सुई या शब्दाचा अर्थच बदलला. हॉस्पिटलांनी नवं सूत्र स्वीकारलं: कुणाच्या रक्तात काय आहे ते ओळखायचा प्रयत्नच करू नका, प्रत्येकाचं रक्त धोक्याचं आहे असं धरून वागा. १९९१ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने हे सूत्र नियमात आणलं. ज्या कामगाराचा रक्ताशी संबंध येतो त्याला प्रशिक्षण द्या, हातमोजे द्या, लस देऊ करा.

टॅटूवाल्यांना यातला मुद्दा नीट कळला. १९६१ मधलं भांडण 'कोण वाहक आहे ते कळत नाही' यावर अडलं होतं. नव्या सूत्राला ते कळायची गरजच नव्हती. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या टॅटू कलाकारांनी स्वतःची व्यावसायिक संघटना काढली, १९९४ मध्ये पिअर्सिंगवाल्यांनी त्यांची. दोघांचाही भर जंतुसंसर्ग रोखण्याच्या शिक्षणावर. ज्यांना कोर्टाने रानटी म्हटलं होतं, तेच आता म्हणत होते, आमची परीक्षा घ्या.

१९९७ मध्ये न्यूयॉर्कने बंदी उठवली आणि त्याजागी लायसन्स आणलं. टॅटू काढणाऱ्या प्रत्येकाने आरोग्य खात्याचा संसर्ग-प्रतिबंधाचा छोटा कोर्स करायचा, परीक्षा द्यायची, मग लायसन्स.

आता गंमत ऐका. त्या परीक्षेत तुम्हाला गुलाब काढायला सांगत नाहीत. वाघ नाही, पोर्ट्रेट नाही. तुमची रेष वाकडी आहे की सरळ, याच्याशी सरकारला काही देणंघेणं नाही. ते गिऱ्हाइकाने बघून घ्यावं. गिऱ्हाइकाला जे दिसूच शकत नाही, तेवढंच सरकार तपासतं.

म्हणजे काय? या क्षेत्रातल्या कुठल्याही कोर्समध्ये शिकवतात अशा चार गोष्टी सांगते. पहिली: धुणं, निर्जंतुक करणं आणि पूर्ण निर्जीव करणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. स्पिरिटने पुसलेली वस्तू स्वच्छ असते, पण तिच्यावरचं सगळं मेलेलं नसतं. दुसरी: ऑटोक्लेव्ह. आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ समजा. दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअस, साधारण पंधरा ते वीस मिनिटं. नुसतं उकळून चालत नाही, कारण काही जिवाणूंचे बीजाणू शंभर अंशांनाही दाद देत नाहीत. आणि कुकर खरंच काम करतोय हे कसं कळणार? म्हणून असेच चिवट बीजाणू असलेली छोटी कुपी आत ठेवतात आणि नंतर ते मेले का ते तपासतात. तिसरी: हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरू शकतो. म्हणजे सोमवारी टेबलावर पडलेला न दिसणारा थेंब शनिवारी आलेल्या गिऱ्हाइकालाही पुरतो. चौथी, आणि हीच सगळे विसरतात: शाई. सुई नवीन घेतली पण ती सगळ्यांच्या शाईच्या बाटलीत बुडवली, तर नव्या सुईचा काय उपयोग? शाई छोट्या टोपणात काढायची, आणि उरलेली टोपणासकट फेकायची.

काही ठिकाणी परीक्षा याहून बरीच कडक आहे. ओरेगॉन राज्यात टॅटूच्या लायसन्सआधी ३६० तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यात किमान पन्नास टॅटू शिक्षकाच्या देखरेखीखाली, आणि मग परीक्षा. पिअर्सिंगचं लायसन्स वेगळं, कारण काम वेगळं. आणि हे पटण्यासारखं आहे. आपल्याकडे मॉलमध्ये कान टोचायची बंदूक असते ना? तिच्यातून जाणारी कडी बोथट असते, ती जोराने दाबून आरपार घुसवतात. बंदूक बहुधा प्लॅस्टिकची, त्यामुळे ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. म्हणूनच व्यावसायिक पिअर्सिंगवाले पोकळ, एकदाच वापरायच्या सुईचा आग्रह धरतात. वरच्या कुर्चेला तर बंदुकीने हातच लावू नये म्हणतात.

दुसरं टोक: फक्त डॉक्टर

न्यूयॉर्कने आधी 'कुणीच नको' म्हटलं आणि मग 'परीक्षा देऊन या' म्हटलं. पूर्व आशियात तिसरंच उत्तर निघालं: टॅटू फक्त डॉक्टरने काढावा.

जपानमध्ये गोंदणाची परंपरा केवढी मोठी, ते तुम्हाला माहीत असेल. पाठभर ड्रॅगन, मासे, लाटा. १८७२ मध्ये मेइजी सरकारने त्यावर बंदी घातली, कारण पाश्चात्त्यांसमोर मागासलेलं दिसायचं नव्हतं. गंमत अशी की १८८१ मध्ये जपानला गेलेल्या इंग्लंडच्या राजपुत्राने, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जने, तिथेच हातावर ड्रॅगन काढून घेतला! बंदी उठली थेट १९४८ मध्ये. मग अनेक वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. २००१ मध्ये आरोग्य मंत्रालयाने एक पत्रक काढलं: सुईच्या टोकाने कातडीत रंग भरणं हे वैद्यकीय काम आहे. आणि वैद्यकीय काम डॉक्टरशिवाय कुणी केलं तर गुन्हा.

२०१५ मध्ये ओसाकातल्या एका तरुण टॅटू कलाकारावर याच कायद्याखाली कारवाई झाली. दंड भरून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने भरला नाही, खटला लढला. २०१७ मध्ये खालच्या कोर्टात हरला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयात सुटला. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. न्यायालयाचं म्हणणं मला फार साधं आणि शहाणं वाटलं: टॅटूला लागणारं कौशल्य चित्रकलेचं आहे, ते मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत, आणि इतिहासात हे काम डॉक्टरांनी कधी केलेलं नाही.

तुम्हीच सांगा, एमबीबीएस झालेल्या किती जणांकडून तुम्ही ड्रॅगन काढून घ्याल?

दक्षिण कोरियात हाच प्रश्न आणखी लांबला. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टॅटूला वैद्यकीय काम ठरवलं. तेव्हापासून डॉक्टर नसलेल्या कलाकाराला पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची शिक्षा होऊ शकत होती. आणि त्याच देशात टॅटूने भरवलेल्या भुवया ही अगदी घरगुती गोष्ट! काकू-मावश्यांच्या भुवया सगळ्यांना दिसत होत्या, काढणारे मात्र लपलेले. एखादं गिऱ्हाईक पैसे बुडवायचं आणि वर धमकी द्यायचं, पोलिसांना सांगेन. कलाकाराने तक्रार करायची तर कुठे?

२०२२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा मतांनी जुना नियम टिकला. पण एका मतावर टिकलेली भिंत. सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. डॉक्टर नसलेल्यांनाही राष्ट्रीय परीक्षा देऊन टॅटूचं लायसन्स मिळणार, स्वच्छतेचं प्रशिक्षण सक्तीचं, कामाची नोंद ठेवायची, पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलांना टॅटू नाही. टॅटू पुसणं मात्र डॉक्टरकडेच. अंमलबजावणीआधी दोन वर्षांची मुदत ठेवली, कारण परीक्षा तयार करायलाही वेळ लागतो ना. तेहतीस वर्षं 'हे काम तुमचं नाही' ऐकलेली माणसं आता अभ्यासाला बसणार.

मी परत त्या दुकानात गेले

हे सगळं वाचून झाल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, रक्त तपासून घेतलं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मनगटाकडे बघवत नव्हतं. आजीची आठवण म्हणून काढलेली गोष्ट, आणि मी बाहीने झाकत होते. रिपोर्ट स्वच्छ आला. नशीब, असंच म्हणेन, कारण त्यात माझी अक्कल काहीच नव्हती.

दुसरी, टॅटूवाल्याकडे गेले. म्हटलं, "दादा, रागावू नका, पण माझ्या वेळी सुई नवीन होती का?" तो जरा दुखावला. म्हणाला, "ताई, असं कसं विचारता?" मग त्याने खण उघडला. पाकीटबंद सुया, प्रत्येकावर मुदतीची तारीख, शाईची छोटी टोपणं, सगळं होतं. मशीनची पकड कशी साफ करता विचारलं, तर म्हणाला, स्पिरिटने पुसतो. मी म्हटलं, ती ऑटोक्लेव्हमध्ये नको का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी हे मित्राकडे बघून शिकलो. त्याने जेवढं सांगितलं तेवढं करतो. कोर्स असता तर केला असता की."

मला तो निष्काळजी माणूस वाटला नाही. त्याला कुणी पेपरच दिला नव्हता, आणि त्याच्यातला कच्चा भाग कुणी तपासलाच नव्हता, एवढंच.

परीक्षेने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. ३६० तासांची फी ज्याला परवडत नाही, तो पुन्हा पाटीशिवायच्या खोलीत जाणार. आणि नुसता कागद हवा असेल, तर कागद कसा मिळतो हे आपल्याला शिकवायला नको. उद्या आपल्याकडे नियम आलाच, तर जत्रेत बसणाऱ्या गोंदणारीला त्यात जागा असेल का, हीसुद्धा मला काळजी आहे. तिच्या भाषेत, तिला झेपेल अशा फीमध्ये तो कोर्स झाला नाही, तर तिच्यासाठी ती बंदीच झाली. आणि बंदीचं काय होतं, ते न्यूयॉर्कने छत्तीस वर्षं बघितलंय.

तोपर्यंत परीक्षक तुम्हीच आहात. पेपर छोटा आहे. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडा. शाई नव्या टोपणात घ्या. हातमोजे बदला, मध्ये मोबाईलला हात लावलात तर परत बदला. जे एकदा वापरून फेकत नाही, ते कशात निर्जंतुक करता ते दाखवा. चार प्रश्न, दोन मिनिटं. जो चिडेल त्याच्याकडून उठून या. जो दाखवेल, त्याला दोन पैसे जास्त द्या.

सोनारानेच कान टोचावेत, हे खरंच. पण आजीच्या काळी सोनाराला गाव ओळखत होतं. आपल्याला तो विचारून ओळखावा लागणार आहे.

तुमच्या घरी कुणाच्या हातावर गोंदण असेल, तर ते कुणी काढलं, कुठे काढलं, हे एकदा विचारून बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवेन. आणि हो, माझं वर्ष पुढच्या महिन्यात पूर्ण होतंय. शिबिराची तारीख आत्ताच लिहून ठेवली आहे.

भेटूया. काळजी घ्या.